तीन हाका आणि एक हेलिकॉप्टर

मानपाडा, डोंबिवली
८ सप्टेंबर २०२५

चि. सगुणाबाय हिला दादूसचा आशीर्वाद.

आधी बातमी. आपल्या ऋतिकाचं जमलं. मुलगा टिटवाळ्याचा, हर्षित नाव. उंच हाय, लाजतो, पण जेवतो बरा. पहिल्याच भेटीत त्याला चिंबोरीची नांगी दाताने फोडताना बघितला आणि मी तिथेच होकार देऊन टाकला. डिसेंबरात बार उडवायचाय. नात लग्नाला आली म्हणजे मी म्हातारा झालो, पण हे तू कोपरीत कुणाला सांगू नको.

आता दुसरं. तू फोन करतेस आणि मी घेत नाय म्हणून रागावू नको. बाविसाव्या मजल्यावर रेंज येत नाय. मोबाइलवर लिहिलेलं तुला दिसत नाय, म्हणून ही कागदावरची पत्रं. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं, मास्तर पण बोलायचे. तू पण लिही. आपल्याच शेतावर टॉवर उभा राहिला आणि आपल्यालाच टपालाने बोलायला लागतंय, काय सांगायचं.

घराचं तर धनेशने पार म्युझियम करून ठेवलंय. पोरगा माझा, पण नवीन वस्तू दिसली की बापाला विचारत नाय. संडासाचं झाकण माणूस आत शिरला की आपोआप उघडतं. पहिल्या दिवशी मी दचकून त्याला नमस्कार केला. वर बसायची जागा गरम. तुझी वहिनी म्हणते, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतं. मालिश करणारी खुर्ची आणलीय, ती पाठ, पोटऱ्या, तळवे सगळं दाबते. बापूस मिठागरावरून आला की आपण दोघं त्याच्या पाठीवर चालायचो, आठवतं? ही खुर्ची तशीच हाय, फक्त शेवटी लिमलेटची गोळी मागत नाय.

आणि एक जमीन झाडणारं यंत्र हाय, चपटं, कासवाएवढं. आपलं आपण फिरतं. मी त्याचं नाव गोट्या ठेवलंय. परवा वहिनीने बाल्कनीत पेपरावर सुकट वाळत घातलेली. गोट्या गेला आणि सगळी गिळून आला. मग घरभर जिथे जिथे फिरला तिथे तिथे इटालियन लादीला सुकटीचा वास. लिफ्टमध्ये चेअरमन मना बघून नाक दाबतो. मी म्हटलं, अहो, ही मशीन बाहेरच्या देशातली हाय, तिला सांगा.

तब्येत सांभाळ. पत्र टाक.

तुझा,
दादूस


कोपरी, ठाणे
१५ सप्टेंबर २०२५

दादूसला सगुणाचा नमस्कार.

पत्र मिळालं. ऋतिकाची बातमी वाचून मी देवापुढे साखर ठेवली आणि मग मीच खाल्ली. पोरीला माझा मुका दे.

रेंजचं मना सांगू नको. धनेश त्याच घरातून दिवसभर फोनवर बोलत असतो, माझ्याशी पण बोलला. त्याला रेंज येते आणि बापाला येत नाय, हे कुठलं नवीन यंत्र? शेठ झालास, बहिणीशी बोलायला वेळ नाय, तर सरळ सांग. पण लिहितोस तर लिही, तुझं पत्र वाचताना मी एकटी हसले. गोट्याला माझ्याकडे पाठव. इथे सुकट वाळत नाय घालत मी, त्याला उपास घडेल.

मी ज्येष्ठमध चघळायला सुरुवात केली. गळा अजून ठीक हाय. आपल्या घरातल्या सगळ्या लग्नांत धवले, आपली लग्नाची गाणी, म्हणायला धवलारीण म्हणून मीच बसले, तुझ्या लग्नात आईच्या शेजारी बसून पहिला धवला म्हटला तेव्हा मी फ्रॉकात होते. ऋतिकाच्या हळदीचा धवला मनात जुळवतेय. टिटवाळ्याचा गणपती त्यात घ्यायलाच पाहिजे.

आता एक गोष्ट लिहिते. तोंडावर बोलले नसते, पत्रात बरं पडतं. आपल्या घरातली रीत तुना माहीत हाय. धवल्यात घरातल्या थोरल्याचं नाव तीनदा घ्यायचं, आणि तिसरी हाक संपायच्या आत त्याने उठून नवऱ्याला नाय तर नवरीला पहिली हळद लावायची. तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागत नाय. सुदेश पुतण्याच्या हळदीला मी तुझं नाव तीनदा घेतलं. तू आपल्या नवीन बुटांकडे बघत बसून राहिलास. धनेशने येऊन तुना दंडाला धरून उठवला. सगळा मांडव बघत होता. आपल्या गावची जाईबाई माझ्या कानाशी म्हणाली, गोपीशेठ आता हाकेला उठत नाय, त्याला पत्रिका पाठवायला लागते. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाय.

तेव्हा का म्हणून विचारलं नाय. आता पण नाय विचारत. एवढंच सांग, ऋतिकाच्या वेळेला उठशील ना?

तुझी,
सगुणा


मानपाडा
२४ सप्टेंबर २०२५

चि. सगुणाबाय,

तू जुन्या गोष्टी उकरत बसतेस. सुदेशच्या लग्नात बूट चावत होते. सोड.

आता लग्नाचा थाट ऐक. धनेशने इव्हेंटवाला लावलाय, सलिल नाव. केसांचा बुचडा बांधतो पण डोकं तल्लख हाय. तो म्हणतो, काका, लोकांच्या आयुष्यभर लक्षात राहिलं पाहिजे. हळदीला नवरी हेलिकॉप्टरातून उतरणार. आपलं शेत जेवढं उरलंय तेवढ्यात हेलिकॉप्टर बसतं, मोजून घेतलं. वरून ड्रोन गुलाबाच्या पाकळ्या टाकणार. पाहुण्यांना सरबत रोबो देणार. धनेशचं मन पाहुण्यांसाठी मालिशच्या खुर्च्या भाड्याने घेण्यावर होतं, हेलिकॉप्टरचा हट्ट माझा हाय. आपल्या पंचक्रोशीत नवरा आणला असेल कुणी, नवरी कुणी आणली नाय.

डीजे पण मोठा. भिंतीएवढे डबे. त्या आवाजात तुझा धवला कुणाला ऐकू जाणार, सांग. म्हणून मी धनेशला म्हटलं, आत्याला या वेळेस त्रास नको. धवला राहू दे. तू पहिल्या रांगेत बस, मालिशची खुर्ची खाली उतरवून घेतो तुझ्यासाठी. पाय दाबून घे आणि नातीचं कौतुक बघ. वयाला आराम पाहिजे.

दादूस


कोपरी
२ ऑक्टोबर २०२५

श्री. गोपीनाथशेठ यांस,

आपले पत्र पोचले. धवला नको हे समजले.

माझे पाय दुखत नाहीत. खुर्ची आपणच वापरावी.

सगुणा


मानपाडा
१० ऑक्टोबर २०२५

बाय,

शेठ नको म्हणू गं. आणि ती सरकारी भाषा पण नको, वाचताना मना नोटीस आल्यासारखं झालं. तुझ्या वहिनीने पत्र वाचलं आणि मना दोन दिवस नुसता आमटीभात वाढला.

भाऊबीजेला येतोय. ओवाळणीत काय पाहिजे ते सांग. पैठणी, बांगड्या, खुर्ची, गोट्या, काय म्हणशील ते. दार मात्र बंद ठेवू नको.

दादूस


कोपरी
२४ ऑक्टोबर २०२५

दादूस,

काल तू आलास, ओवाळून घेतलंस, करंज्या खाल्ल्यास, आणि मी तुझ्याशी धड बोलले नाय. आज लिहिते.

तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास. मी मागे ओट्याशी. कुकरची शिट्टी झाली. माझी मांजर माळ्यावर पळाली आणि तू तसाच करंजी खात राहिलास. मना जरा विचित्र वाटलं. मग मी मागून हळूच म्हटलं, दादूस. मग जरा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, मांडवात म्हणते तशी, छातीतून. शेजारची बाई खिडकीत आली. तू बोटाला लागलेलं सारण चाटत होतास.

मग मी पुढे येऊन उभी राहिले तसा तू हसलास आणि म्हणालास, छान झाल्यात, बाय.

दादूस, तुना ऐकू येत नाय.

तू गेल्यावर मी पायरीवर बसून रडले, आणि मग मना हसू यायला लागलं. एवढी वर्षं मी मनात धरून बसले की भावाला पैशाची गुर्मी चढली. तो फोन घेत नाय, हाकेला उठत नाय, माझा धवला त्याला नको. आणि खरं काय, तर कान. तोंडाकडे बघून बोललं की तुना कळतं, म्हणून कुणाला संशय आला नाय. डीजे आणि हेलिकॉप्टर तू कशाला मागतोस ते पण आता समजलं. त्या गोंगाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाय, मग तुझं एकट्याचं उघडं पडत नाय. शाबास रे. आपला बापूस म्हणायचा, गोपी लबाड हाय पण धूर्त नाय.

कानातलं मशीन मिळतं. लाव ना रे. माझ्यावर रागावू नको. मी कुणाला बोलले नाय, मांजरीला सोडून.

तुझी बाय


मानपाडा
३० ऑक्टोबर २०२५

बाय,

कुकरची शिट्टी झालीच नसेल. तुझा कुकर जुना हाय.

असं लिहिलं आणि मग कागद तसाच ठेवून खुर्चीत जाऊन बसलो. आता खरं लिहितो.

चार-पाच वर्षं झाली. आधी पक्षी गेले, मग फोन, मग मागून बोलणारी माणसं. तुझ्या वहिनीला माहीत हाय, धनेशला अर्धं माहीत हाय. मशीन बघायला मी ठाण्यात दुकानात गेलेलो. काउंटरवरच्या मुलीने डबी उघडली आणि मी घड्याळ बघून निघालो. का, ते तुला सांगायला नको. आपल्या गावात एकदा नाव पडलं की मेल्यावर पण फिटत नाय. गोविंदाकाकाच्या तेराव्याच्या पत्रिकेत पण नावापुढे कंसात बहिरा छापलेलं, विसरलीस? त्याच्या सुनांना अजून बहिऱ्याच्या सुना म्हणतात. ऋतिका नवीन घरी जाणार. तिथे कुणी विचारलं, कुठली तू, तर काय, बहिऱ्याची नात?

सुदेशच्या मांडवात मी तुझ्या तोंडाकडेच बघायचं ठरवून बसलेलो. हाक आली की ओठांवरून कळेल. पण नेमका तो फोटोवाला मध्ये येऊन उभा राहिला. तो हलेपर्यंत सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी बुटांकडे बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघणार. तुझा चेहरा मी नंतर बघितला. तेव्हाच ठरवलं की परत धवला नको. तुझ्या हाकेला मी उठलो नाय, असं परत एकदा होण्यापेक्षा हाकच नको.

तुझा आवाज कसा हाय आता, मना आठवत पण नाय नीट, बाय. आठवायला गेलो की आईचा येतो.

ओवाळणी तू मागितली नाय. माग काहीतरी. बरं वाटेल मना.

दादूस


कोपरी
४ नोव्हेंबर २०२५

दादूस,

पत्र तीनदा वाचलं. फोटोवाल्याचा पत्ता असेल तर पाठव.

ओवाळणी मागते. मना त्या हेलिकॉप्टरात बसव. लग्नाच्या दिवशी नाय, तेव्हा नवरीचा मान. आधी सलिल तालीम करणार असेल ना, तेव्हा. लहानपणी मिठागरावर आई-बापूस मीठ ओढायचे आणि आपण बांधावर बसून विमानं बघायचो. तू म्हणायचास, मोठा झालो की तुना वर नेतो आणि वरून आपलं मिठागर दाखवतो. मी तेव्हापासून बसलेय. पैठण्या मना चार हायत, नेसायला जागा नाय.

लोकांचं म्हणशील तर मशीनचं आपण नंतर बघू. आधी वर नेतोस का सांग.

आणि गोविंदाकाकाच्या सुना मजेत हायत. एकीचा बंगला हाय.

बाय


मानपाडा
२३ नोव्हेंबर २०२५

बाय,

काल हेलिकॉप्टरातून उतरून तुला घरी सोडलं तेव्हा मी काहीच बोललो नाय, तुला वाटलं असेल मना चक्कर आली. धनेशला पण तसंच वाटलं, त्याने लिंबू आणलं. पण बोलायला लागलो असतो तर रडलो असतो. म्हणून आज लिहितो. खुर्चीत बस आणि मग वाच.

हेलिकॉप्टरात बसल्यावर पायलटने आपल्या दोघांच्या डोक्यावर ते मोठे हिरवे कान चढवले, तोंडापुढे दांडीवर माइकचं बोंडूक. तू मना खुणेने विचारलंस, हे कशाला, आणि मी खांदे उडवले. मना वाटलं आवाज आत येऊ नये म्हणून. तुला पण तेच वाटलं. तिथे चुकलो आपण दोघं. ते कान म्हणजे फोन हाय, बाय. त्या बोंडकात जो जे बोलेल ते सगळ्यांच्या कानात जातं. पायलटने मना दाखवून आवाजाची कळ पूर्ण फिरवली, कारण धनेशने त्याला आधीच सांगून ठेवलेलं. पोरगा अर्धं नाय, सगळं ओळखून होता.

वर उठल्यावर मी पहिलं वाक्य ऐकलं ते तुझं. म्हणालीस, मेल्या, पट्टा घट्ट बांध, पडशील. मी पट्टा बांधला. तुला वाटलं योगायोग. मी तुझ्याकडे बघितलं नाय, पट्ट्याचं बक्कल परत परत तपासत राहिलो. आवाज इतका स्वच्छ होता, बाय, जणू कुणी माझ्या डोक्यातली काच पुसली.

मग तू पायलटकडे बघून म्हणालीस, हा म्हातारा झाला की ही गाडी कशी चालवणार. तो तिशीतला पोरगा. त्याचे खांदे हलले. मग कल्याणचं स्टेशन खाली आलं तेव्हा म्हणालीस, एवढे रूळ, कुणी आवरत कसं नाय. मग तू डोळे मिटलेस आणि एकवीरेशी बोलायला लागलीस. आये, म्हणालीस, हा माझा भाऊ मोठा फुशारकीवाला हाय पण मनाचा भोळा हाय. याच्या नातीच्या मांडवात मी याचं नाव घेईन तेव्हा याला फक्त एकदा ऐकू जाऊ दे. माझा गळा गेला तरी चालेल मग. हे तू म्हणालीस. मी बाजूला बसून खिडकीतून खाली बघत होतो आणि मना खालचं काही दिसत नव्हतं.

मग ठाण्याची खाडी आली. मिठागराचे चौकोन दिसले, पांढरे, करडे, एकात आभाळ. तू माझा हात धरलास आणि भीतीने असेल नाय तर आनंदाने असेल, धवला म्हणायला लागलीस. आईचाच. सगळा म्हटलास. मी सगळा ऐकला. तुझा आवाज आईपेक्षा जरा जाड हाय. छान हाय.

उतरल्यावर पायलट तुझ्या पाया पडला ते म्हातारी म्हणून नाय.

आता पुढचं. मांडवात मी तेच हिरवे कान घालून बसणार. सलिलने व्यवस्था केलीय, तुझ्या गळ्याशी बोंडूक, माझ्या डोक्यावर कान. कुणी विचारलं तर सांगेन, नवीन आलंय. आपल्या लोकांना नवीन म्हटलं की पुढचं विचारत नायत.

धवला म्हण, बाय. तुझ्या पाया पडतो, मोठा असून.

दादूस


कोपरी
२६ नोव्हेंबर २०२५

दादूस,

मेल्या. मेल्या. मेल्या.

म्हणजे तो पायलट पण ऐकत होता? सगळं? आणि मी रबाळ्याच्या वरती असताना पोटात गॅस झाल्याचं बोलले ते पण? मी आता कुठल्या तोंडाने लग्नाला येऊ? त्याने उतरल्यावर मना विचारलं, मावशी, एकवीरा आईला माझं पण सांगाल का, बायको माहेरी गेलीय. मी म्हटलं, बरं. मना वाटलं चेहऱ्यावरून भाविक दिसते म्हणून विचारतो.

आता ऐक. येईन. म्हणेन. पण माझ्या अटी हायत. मी म्हणत असताना डीजेचा एक पण डबा वाजता कामा नये. फोटोवाल्याला मध्ये उभा करायचा नाय, लागलं तर खांबाला बांधा. आणि लग्न पार पडलं की तू ठाण्याच्या त्या दुकानात जायचंस, घड्याळ घरी ठेवून.

पत्र वाचून मी पुन्हा रडले. मांजर कंटाळली आता.

बाय


कोपरी
९ डिसेंबर २०२५

दादूस,

लग्न झालं, पाहुणे गेले, मी दोन दिवस झोपले. तू मांडवात पुढे बसला होतास, तुझ्या पाठीमागे काय चाललेलं ते तुना कोण सांगणार. मी समोर होते, मना सगळं दिसत होतं.

ऋतिका हेलिकॉप्टरातून पिवळी साडी सावरत उतरली तेव्हा मांडवातल्या अर्ध्या टोप्या वाऱ्याने उडाल्या. ड्रोनने पाकळ्या टाकल्या त्या सगळ्या शेजारच्या गोठ्यात. म्हशीने खाल्ल्या. सरबताचा रोबो जावयाच्या मामाला तीनदा सरबत देऊन आला, दुसऱ्या कुणाकडे जाईच ना. हसून हसून माझं पोट दुखलं, आणि मना वाटलं, आता धवला कसा म्हणू.

मग तू येऊन बसलास. फेटा, जरीचं धोतर, गळ्यात साखळी आणि डोक्यावर ते हिरवे कान, फेट्याच्या वरून. सगळा मांडव माना वळवून बघायला लागला. जाईबाई माझ्याकडे वाकली आणि विचारलं, गोपीशेठच्या डोक्यावरचं ते किती तोळ्यांचं? मी म्हटलं, मोजता नाय येत, बाहेरचं हाय.

मी सुरुवात केली. डीजेवाला पोरगा पण डबा बंद करून खाली बसला. गणपती घेतला, गावदेवी घेतली, मीठ घेतलं, आई-बापूस घेतले. मग तुझ्या नावाशी आले. सुदेशच्या मांडवातली तीच जागा, तेच मांडवाचे खांब. मी डोळे मिटले, म्हटलं, बघूच नये.

पहिली हाक अर्धी झाली होती, दादूस. गोपीमधला गो म्हटला असेल नसेल. डोळे उघडले तर तू उभा. हळदीच्या वाटीत हात घातलेला, आणि रडतोस. ऋतिका पण रडते. हर्षित बिचारा कुणाकडे बघू म्हणून माझ्याकडे बघतो. मना पुढच्या दोन हाका म्हणायच्याच राहिल्या. रीतीप्रमाणे तीन पाहिजेत. मी त्या मनात म्हटल्या.

आणि हे तुना माहीत नसेल. सुदेशच्या सासऱ्याने सलिलला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या महिन्यात आमच्याकडे हळद हाय, आमच्या बापाला पण ते डोक्यावरचं पाहिजे, गोपीशेठपेक्षा मोठं. जाईबाईच्या नवऱ्याने पण नाव नोंदवलं. सुदेशच्या सासऱ्याच्या बापाला मात्र चांगलं ऐकू येतं.

बाय


मानपाडा
१८ जानेवारी २०२६

चि. बाय,

संक्रांतीला दुकानात जाऊन आलो. तिळाएवढी दोन मशीन, एकेका कानात. घड्याळ घरी ठेवलेलं.

घरात काय आवाज हायत गं. माझ्याच चपलांचा एवढा आवाज होतो हे मना ठाऊक नव्हतं. कुकर दचकवतो. तुझी वहिनी इतकी वर्षं माझ्यामागे काय काय म्हणायची ते पण आता कळलं. पहिल्या दिवशी मी मागे वळून उत्तर दिलं तर तिच्या हातून लाटणं पडलं. आता ती खोलीत जाऊन बोलते.

आणि गोट्या बोलतो, बाय. इंग्रजीत. धनेश म्हणाला, सोफ्याखाली अडकला की तो सारखा सांगत असतो, अडकलोय, काढा. एवढे महिने मी त्याच्या डोक्यावर पाय टाकून टीव्ही बघत होतो. आता पहिल्या हाकेला उठून काढतो.

गावात अजून कुणी नाव ठेवलं नाय. लग्नानंतर सगळे मना हेलिकॉप्टर म्हणतात. ऋतिकाला सासरी कुणी विचारलं की ती हसत सांगते, हेलिकॉप्टरची नात. एकंदर बरं झालं.

धनेश विचारत होता, पप्पा, आणखी काय आणू, सांगा. मी म्हटलं, आता काय नको.

पत्रं थांबवायची का, याचा मी विचार केला. नको थांबवायला. फोनवर तू मना बोलू देणार नायस, इथे निदान माझं पान मना भरायला मिळतं.

पण आज हे पत्र मिळालं की संध्याकाळी फोन कर. बाविसाव्या मजल्यावर रेंज आलीय. मी उचलेन. दुसरं काय बोलू नको, नुसतं दादूस म्हण. एकदाच म्हण, बाय, तीनदा नको.

तुझा,
दादूस